कमलचे दोन शब्द

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की कोणीतरी म्हणतंच, "मावशी, ती जपानची सांगा ना, गणपतीची." मग मी जरा लाजल्यासारखं करते, पदर सावरते — ड्रेस घातला असला तरी सावरते — आणि सुरू होते. टोकियोच्या निशी-कसाईतला आमचा गणपती. मोदकपात्र कुठून आणणार, म्हणून बांबूच्या चिनी करंड्यांत उकडलेले मोदक. 'आवाज जरा कमी करा' असं सांगायला आलेला हॉलचा म्हातारा रखवालदार, आणि आरती संपेपर्यंत हात जोडून तिथेच उभा राहिलेला. लोक पोट धरून हसतात. ही गोष्ट मी दर वेळी एकाच ठिकाणी थांबवते. रखवालदार प्रसाद घेतो, डोक्याला लावतो, आणि झालं. टाळ्या. बडीशेप.

मधलं एक मी गाळते. ते कोणालाच माहीत नाही. माझा नवरा सतीश त्या हॉलमध्ये पहिल्याच रांगेत बसला होता — त्यालाही नाही. इतकी वर्षं नाही. आज तुम्हाला सांगायचं म्हणून लिहायला बसलेय, आणि बघा, सुरुवात पुन्हा मोदकांपासूनच केली. सवय जात नाही. हसवलं की लोक पुढचं विचारत नाहीत, हे मला फार लवकर कळलं होतं.

तर — कमल.

नाही, आधी माझं सांगते. आधी माझंच सांगायचं, हा माझा दोष तुम्हाला आत्तापर्यंत कळला असेल.

दोन हजारनंतरची ती वर्षं. संगणकवाल्यांची अख्खी पिढी जपानला निघाली होती, त्यांत सतीश. सगळेच 'दोन वर्षांसाठी' आले होते. मेट्रोच्या तोझाई लाईनवर निशी-कसाईला उतरलं की भारतीय दुकानात तूरडाळ मिळायची आणि बागेत मराठी ऐकू यायचं. मी पुण्यात शाळेत शिकवत होते. जपानमध्ये माझ्या व्हिसावर 'नवऱ्यावर अवलंबून असलेली' अशा अर्थाचा एक शब्द होता, आणि दिवसभरात माझी सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे प्लास्टिकचा कचरा चुकीच्या वारी न टाकणं. त्यातही मी नापास व्हायचे. शेजारच्या आजी माझी पिशवी परत माझ्या दाराशी आणून ठेवायच्या — वाकून, माफी मागून!

मला एकच गोष्ट येत होती. भाषण. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेतला चांदीचा पेला मी ज्या भाषणावर जिंकला होता, ते मला अजून झोपेतही येतं. विषय होता अमेरिकेतली गुलामगिरी आणि तिच्याविरुद्ध उभे राहिलेले वक्ते. तिथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांची भाषणं ठेवायची ठरली, तेव्हा मी तेच बाहेर काढलं. दुपारी आमच्या घरी मुलं यायची. मी मराठीत सांगायची, ती जपानीत कुरकुरायची.

त्यांतली एक रेवा कर्णिक. तिचे वडील एका भारतीय कंपनीच्या टोकियो शाखेचे प्रमुख आणि मंडळाचे अध्यक्ष. रेवाला आमच्याकडे आणायची आणि न्यायची ती कमल.

कमल माझ्याच वयाची. संगमनेरकडची. कर्णिकांनी तिला घरकामाला आणि रेवाला सांभाळायला सोबत आणलं होतं, तेही दोन वर्षांसाठी. मी तिला अगं-तुगं करायची, ती मला 'वहिनी, तुम्ही.' का? मला तेव्हा हा प्रश्नही पडला नाही. ती कधी सोफ्यावर बसली नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी, जमिनीवर. मी 'वर बस ना' म्हणायची. एकदाच म्हणायची.

जिभेची फार तिखट. मी मुलांना हातवारे शिकवत असले की म्हणायची, "वहिनी, तुम्ही एवढं बोलता, मग भाजी कधी चिरता?" आणि उठून माझी भाजी चिरून टाकायची. कर्णिक वहिनींचं डाएट ती इतकं हुबेहूब करून दाखवायची — एका काकडीकडे डोळे मिटून बघत राहणं — की रेवाही हसायची. रेवा पाठ करायला कंटाळली, 'यादा, यादा' — नको, नको — करत लोळली की कमलच तिच्याकडून घोकून घ्यायची. त्यामुळे झालं काय, पोरीच्या आधी भाषण हिलाच पाठ झालं.

काय होतं त्या भाषणात? मी मुलांना सांगायची तसंच सांगते. दुसऱ्याची मालमत्ता म्हणून जन्मलेला एक माणूस. चोरून अक्षरं शिकला. पळाला. आणि पळून सुटला तर गप्प बसावं की नाही? तो गावोगाव सभांमधून उभा राहिला. त्याच्यासारखे आणखीही होते, बायका होत्या — बाईने पुरुषांच्या सभेत बोलणं हीच बेअदबी होती तेव्हा. त्यांच्या हातात ना सत्ता, ना मत. नुसता आवाज. लोक दगड मारायचे, हॉल जाळायचे. तरी लोक ऐकायला यायचे, काही तर नुसती मजा बघायला. गुलामगिरी वाईट हे त्यांनी छापलेलं वाचलं होतं, मान हलवली होती, पान उलटलं होतं. पण ज्याच्यावर गुदरलं तोच समोर उभा राहिला की — मग पान उलटता येत नाही. मी मुलांना म्हणायची, भाषणाची ताकद ती हीच. ऐकणाऱ्याला आधीसारखं आरामात बसता येत नाही. त्याच शतकात आपल्या पुण्यातही हे समुद्रापलीकडचं बोलणं पोचलं होतं आणि तिथल्या माणसांना बळ देऊन गेलं होतं, हेही सांगायची. असं बोललेलं मरत नाही, मी म्हणायची. हात उंचावून म्हणायची.

आणि ते खरंच मेलेलं नव्हतं हो. ते माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसून ऐकत होतं.

एका दुपारी मुलं बागेत गेली आणि कमलने मटार सोलता सोलता सांगितलं. तिची मुलगी सोनाली गावी, दिराकडे. नववीत. दिराने तिचं लग्न ठरवलं होतं. तुळशीचं लग्न झालं की लगेच. नवरा मुलगा तिच्याहून पुष्कळ मोठा. "मी समोर असले ना, तर मोडते मी ते लग्न," कमल म्हणाली. "फोनवर कोणी ऐकत न्हाई आईचं." तिने कर्णिकांना विचारलं होतं. दर वेळी उत्तर — बघू, रेवाची परीक्षा होऊ दे, बघू, ह्यांच्या हेड ऑफिसचे लोक येऊन जाऊ देत. दोन वर्षांचं चौथं वर्ष चालू होतं. पासपोर्ट साहेबांच्या कपाटात. हरवू नये म्हणून.

मी एकदा, गप्पांच्या ओघात, अगदी अलगद, कर्णिक वहिनींकडे विषय काढला होता. त्या खरोखरच चकित झाल्या. "अगं, कमल आम्हाला घरचीच आहे! तिथे जाऊन काय करणार ती?" आणि मी हसले. हसून म्हणाले, "हो ना."

वॉर्ड ऑफिसात परदेशी लोकांसाठी चौकशीची खिडकी होती. मोडकंतोडकं जपानी मला येत होतं. वकिलात होती. मला हे सगळं माहीत होतं का? होतं. मी गेले का?

मी स्वतःला काय समजावत होते, तेही सांगते. तिला कोणी विकत घेतलं नव्हतं. चाबूक नव्हता. तिला पगार होता, जेवण होतं, नव्या साड्या होत्या. माझ्या भाषणातल्या त्या भयंकर गोष्टीशी तिच्या गोष्टीची तुलना करणं म्हणजे त्या लोकांचा अपमानच, नाही का? फरक होता. मोठा फरक होता. आणि त्या फरकाच्या आड मी चांगली ऐसपैस बसले होते.

मटार संपल्यावर कमलने विचारलं, "वहिनी, तो तुमच्या भाषणातला माणूस — त्याला पयल्यांदा उभं कोणी केलं?"

मला इतका आनंद झाला! विद्यार्थ्याने शंका विचारल्यावर होतो तसा. मी म्हटलं, असेल कोणीतरी सभेतलं, ज्याने सगळ्यांना सांगितलं की आता हा बोलेल.

"मग तुम्ही सांगा की," कमल म्हणाली. "एवढ्या लोकांपुढं पासपोर्ट मागितला तर साहेबांना न्हाई म्हणता येणार न्हाई."

किती साधं. किती अचूक. मी जे इतकी वर्षं टाळ्यांसाठी म्हणत होते, ते तिने कामाला लावलं.

आणि मी हो म्हटलं. ऐका, मी नुसतं हो नाही म्हटलं — मी पेटले. सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं. मोदक कमल करणार होती, शंभरेक माणसांचे. आपल्या मंडळांत पद्धत असतेच — प्रसाद करणाऱ्या बाईला स्टेजवर बोलवायचं, नारळ द्यायचा, 'दोन शब्द बोला' म्हणायचं. ती बिचारी लाजून 'काय बोलणार' म्हणते आणि टाळ्या होतात. त्या दोन शब्दांत कमल बोलणार होती. आम्ही तयारी केली. रोज दुपारी, मुलं गेल्यावर. श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं. एकदा तर मी तिला म्हटलं, पासपोर्टचं नको घेऊस, चारचौघांत बरं दिसत नाही. तू फक्त मुलीचं सांग, लोक समजून घेतील. बोलता बोलता मला आठवलं की त्या पळून आलेल्या माणसालाही त्याच्याच बाजूची भली माणसं असंच सांगायची — तू नुसतं घडलेलं सांग, बाकीचं आम्ही बघतो. आठवलं, आणि मी ते मनातच ठेवलं. कमलने मात्र माझं ऐकलं नाही. तिचं भाषण असं होतं —

मी कमल. मोदक मी केले. दोन वर्षांसाठी आले, चौथं चालू आहे. माझी सोनाली नववीत आहे. तिचं लग्न लावतायत. मला घरी जायचंय. साहेब, माझा पासपोर्ट द्या.

एवढंच. एक शब्द जास्त नाही. चांदीचा पेला मिळालेल्या माझ्या भाषणात असं एक वाक्य नव्हतं.

गणपतीचा दिवस. वॉर्डाचा हॉल गच्च भरलेला. नागोयाहूनसुद्धा दोन कुटुंबं आली होती. मी जांभळी पैठणी नेसले होते, कमलला माझीच हिरवी दिली होती. कार्यक्रम — काय सांगू — रंगला होता. मी विनोद करत होते, लोक हसत होते. मध्यंतरात कोणी म्हणालं, वहिनी, तुम्ही नसतात तर ही मजा नव्हती. कर्णिक वहिनींनी माझा हात दाबला. दाबूनच ठेवला.

मग रेवाचं भाषण झालं. पोरगी अप्रतिम बोलली. 'माणूस माणसाचा मालक असू शकत नाही' — हात उंचावून, जसा मी शिकवला होता तसा. पहिल्या रांगेत कर्णिक साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. खोटं नव्हे ते. त्यांना खरंच भरून आलं होतं. टाळ्या थांबेनात.

पुढचं नाव कमलचं होतं.

मी पडद्याकडे बघितलं. ती उभी होती. माझ्या हिरव्या साडीत, केसांत कुठून तरी मिळवलेलं फूल. ओठ हलत होते, भाषण मनात म्हणून बघत होती. मी बघतेय म्हटल्यावर तिने मान हलवली — झाली तयारी.

मी माईक तोंडाशी नेला. आणि मी म्हटलं, "वेळेअभावी आपण पुढचा सत्काराचा कार्यक्रम रद्द करून थेट आरतीकडे वळू या. हॉल वेळेत सोडायचा आहे, आपल्याला जपान माहीतच आहे!"

लोक हसले. तुम्हीही सभा-समारंभांत हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल. मी ते किती सहज म्हटलं असेल, तुम्हाला आत्ताच ऐकू आलं असेल.

वेळ होता. भरपूर होता. आरती झाली — तो रखवालदार आला, हात जोडून उभा राहिला, ते सगळं खरं आहे — प्रसाद झाला, फोटो झाले, आणि तरी इतका वेळ उरला की पुरुषमंडळींनी अंताक्षरी सुरू केली.

का केलं मी असं? कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की सतीशच्या नोकरीसाठी. कर्णिक बडे, ओळखी सगळीकडे, संसाराचा प्रश्न. ऐकायला किती बरं वाटतं ना? दुबळी बाई, संसार सांभाळणारी. पण तसं नव्हतं. सतीशची कंपनी वेगळी होती. कर्णिकांनी मला कधी एका शब्दाने दम दिला नव्हता. खरं कारण — मी ते लिहून टाकते, म्हणजे मला पुन्हा फिरवता येणार नाही. कार्यक्रम छान चालला होता. बस. कमल बोलली असती की हॉल गप्प झाला असता. ती शांतता माझ्या कार्यक्रमात पडली असती, आणि ती हसण्यावारी नेणं मला जमलं नसतं. लोक माझ्याकडे बघून म्हणाले असते, हिनेच उभं केलं कमलला. एका मुलीचं आयुष्य एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला माझी रंगलेली संध्याकाळ. मी संध्याकाळ ठेवून घेतली.

आणि जिने आयुष्यभर मुलांना सांगितलं की चांगलं भाषण ऐकणाऱ्याला आरामात बसू देत नाही, तिनेच सगळ्यांना आरामात बसवून ठेवलं. तेच तर माझं काम होतं. मी ते उत्तम केलं. त्या वर्षी सूत्रसंचालनाबद्दल मला शाल मिळाली.

मी आतल्या खोलीत गेले तेव्हा कमल करंड्या धूत होती. पदर खोचून, हिरवी साडी भिजू नये म्हणून जपून. मी म्हटलं, हॉलवाल्यांनी अचानक सांगितलं गं, काय करणार. भिंतीपलीकडे अंताक्षरी चालली होती. हातांनी ताल धरला होता, एकेक कडवं स्पष्ट ऐकू येत होतं. मला येत होतं, म्हणजे तिलाही येत होतं.

कमलने हात पुसले. "तुम्ही तरी काय करणार, वहिनी," ती म्हणाली. "ही लोकं वेळेची लई पक्की."

पुढच्या वसंतात कर्णिकांची बदली दुसऱ्या देशात झाली आणि ते कमललाही घेऊन गेले. पत्ता मी मागितला नाही. नंतर इंटरनेटवर सगळे सापडू लागले, मी रेवाला शोधलं, सापडलीही. कमलचं विचारणार होते. विचारलं नाही. तिचे ते दोन शब्द कोणत्या तरी हॉलमध्ये, कोणापुढे तरी, कधी तरी बोलून झाले का, मला माहीत नाही. मला फक्त पाठ आहेत.

पण त्या बदलीच्या आधी, थंडी सुरू झाल्यावर, कमल एकदा आली होती. एकटी. रेवा शाळेत होती. मी दार उघडलं तर हातात कोंबिनीतली, कोपऱ्यावरच्या दुकानातली, छोटी पिशवी. चप्पल काढून आत आली, पण बसली नाही.

"सोनालीचं झालं काल," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. डोळे सुजलेले होते. "चांगलं झालं म्हणतात. जेवणावळ मोठी झाली म्हणतात."

मी दार लावून घेतलं.

तिने पिशवीतून एक मऊ पांढरा जपानी लाडू काढला, वरचा कागद सोडवला. "पेढे कुठले मिळायला इथं. पण आईनं लेकीच्या लग्नाचं कोणाचं तरी तोंड गोड करायला पायजे ना. माझं इथं तुमच्याशिवाय कोण आहे?"

आणि तिने तो माझ्या तोंडाशी धरला.

तेव्हा सांगता आलं असतं. दुसरं कोणी नव्हतं. माईक नव्हता, पैठणी नव्हती, रंग जाण्यासारखं काहीही नव्हतं. लग्न लागून गेलं होतं, तरी निदान खरं तिच्या हातात देता आलं असतं. ती माझ्याकडे बघत होती. वाट बघत होती, असं मला आजही वाटतं.

मी तोंड उघडलं आणि लाडू खाल्ला.

"गोड हाय का, वहिनी?"

"हो," मी म्हटलं. "छान आहे."